दुपारची हाळी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते. खोटं कशाला बोलू, करमणूक म्हणून वाचते. महाडच्या बाजारपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे आणि मी स्वतः फार्मासिस्ट. ‘बाहेरचं’ झालंय म्हणून आधी भगताकडे, मग देवळात आणि सगळीकडून फिरून शेवटी आमच्या काउंटरवर येणारी माणसं मी रोज बघते. ‘आधी शुगर तपासा, मग भूत बघू’ हे माझं ठरलेलं वाक्य. आमचे हे म्हणतात, तुझ्यापायी तालुक्यातली निम्मी भुतं बेकार झाली.

त्यामुळे मी हे लिहायला बसलेय याचं हसू सगळ्यात आधी मलाच यायला हवं होतं... येत नाही.

आणि आधीच सांगते — यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. मार्चमधलं रणरणतं ऊन, समुद्रकिनारा, पर्यटकांची गर्दी, बर्फाच्या गोळ्याची गाडी. माझी लेक सर्फिंग करत होती आणि मी नाकाला सनस्क्रीन फासून खुर्चीत बसले होते. असल्या ठिकाणी भूत येत नसतं. आलं तर त्यालाच घाम फुटेल.

पण समुद्रापासून सुरुवात करून भागणार नाही. आधी हाळी म्हणजे काय ते सांगते.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला डोंगरात असलेली एक वाडी. घरं दरीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली. समोरच्या घरातून चुलीचा धूर निघालेला दिसतो, पण तिथं जायचं तर खाली उतरा, पऱ्या — म्हणजे आमचा ओढा — ओलांडा आणि परत चढा, पायांचे तुकडे पडतात. मोबाइलची रेंज आजसुद्धा एका कातळावर उभं राहिलं तरच मिळते. म्हणून हाळी. दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि लांब आवाज काढायचा. शब्द नाहीत त्यात, नुसता सूर. प्रत्येक घराचा सूर वेगळा. आमच्या घराची हाळी लांब जाते, मग खाली उतरते आणि शेवटी एकदम वर उचलते. ती ऐकली की अख्ख्या वाडीला कळतं, या घरातलं कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय.

हाळी ऐकली की ओ द्यायची. ओ आली म्हणजे निरोप पोचला, मग परत हाळी द्यायची नाही. दिली तर समोरचा चिडतो, ‘भैरा हाय काय मी?’ म्हणून. आणि ओ आली नाही तर मात्र देत राहायचं. कारण ओ न देणारा माणूस कुठंतरी पडलेला असेल, त्याला पान लागलं असेल (साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत). ओ यायच्या आत घरात जाऊन बसणं, हे आमच्या वाडीत पाप समजतात.

माझा धाकटा भाऊ विलास. मुंबईत कामाला होता, पण भाताच्या लावणीला न चुकता यायचा. वात्रटपणा अंगात एवढा की त्याची ओसुद्धा कधी सरळ नसायची. लांब ‘ओऽऽ’ द्यायचा, जरा थांबायचा आणि मग वानरासारखं ‘हुप’ करायचा. पलीकडच्या रानातली खरी वानरं त्याला उलट ओरडायची. बाबा कपाळाला हात लावून म्हणायचे, ‘नवसानं पोरगा मागितला नि देवानं ह्यो काय दिलान!’

सई, माझी मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागली होती. लावणीचे दिवस, धो धो पाऊस. विलास खालच्या खाचराचा बांध बघायला उतरला होता. आईनं पानं घेतली, खळ्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि त्याला जेवायला यायची हाळी दिली. ओ आली नाही. तिनं परत दिली. परत दिली. पऱ्या एवढा गरजत होता की त्यानं ओ दिली असती तरी ऐकू आली नसती, असं मी तिला पुढं हजारदा सांगितलं. पण ओ आली नाही, हेही खरंच.

आमचा पऱ्या सावित्रीला मिळतो. पोलादपूरपासून शोधत आम्ही महाडला आलो, तिथून दासगाव, तिथून होडी घेऊन तुडीलपर्यंत गेलो. सावित्रीत मगरी आहेत हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्यासमोर ते कुणी बोललं नाही एवढंच. विलास सापडला नाही.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, मग पुढचे विधी होतात. भावकीनं वर्षभर थांबून विषय काढला. आई म्हणाली, ‘ओ दिली नाय त्यानं. मग मी त्याला मेला कसा म्हणू?’

आणि ती रोज दुपारी, पान वाढून घ्यायच्या आधी, हाळी देत राहिली.

बाबा गेल्यावर मी तिला महाडला आणायचं म्हटलं तेव्हा तिची एकच अट — घरातून नदी दिसली पाहिजे. आमच्या गच्चीवरून सावित्री दिसते. आईचा हिशेब सरळ होता, पऱ्या नदीला मिळतो, नदी इथून जाते, म्हणजे त्याला ऐकू जाईल. दुपारची अजान झाली की पाठोपाठ गच्चीवरून आईची हाळी. सुरुवातीला लोक वर बघायचे. मग सवय झाली. शेजारच्या बिल्डिंगमधली रुखसाना तर म्हणायची, ‘अजान झाली, आजीची हाळी झाली, की मी कुकर लावते. घड्याळ बघायचं कामच नाय.’

मी हसायचे, पण आतून मला राग यायचा. विलासचा यायचा, देवाचा यायचा, आईचा तर फार यायचा. बाई जिवंत होती पण जगत नव्हती. कुणाच्या लग्नाला मुक्कामाला जाणार नाही — दुपारची हाळी चुकेल, आणि नेमकी त्याच दिवशी त्यानं ओ दिली तर? हाळी देऊन, कान लावून उभी राहायची आणि मग खाली येऊन जेमतेम अर्धी भाकरी. वजन उतरत चाललेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल. तिच्या टॉनिकच्या बाटल्या मीच कपाटातून काढून द्यायचे आणि मलाच माहीत होतं की यातलं काहीही हिला लागू पडणार नाही. भाऊ गेला ते गेला, त्याच्या मागे आई अशी घास घास कमी होत चालली होती. मला ती परत हवी होती. बाकी काही नको होतं.

आता समुद्र.

सई पुण्याला कॉलेजात गेली, तिथं पोहायला शिकली आणि कुठले कुठले व्हिडिओ बघून तिच्या डोक्यात सर्फिंग शिरलं. ‘अगं, आपण डोंगरातली माणसं, आपल्याला फळी लागते ती भात झोडायला,’ असं मी म्हटलं. पण ऐकते कोण! त्यात रुखसानाचे भाऊ, नजीबभाई, मस्कतला बरीच वर्षं हॉटेलात काढून परत आलेले. सावित्री जिथं समुद्राला मिळते तिथून थोडं दक्षिणेला त्यांनी किनाऱ्यावर खोल्या बांधल्यात. सर्फबोर्ड ठेवलेत, शिकवायला एक ट्रेनर ठेवलाय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. भल्या माणसाचा धंदा आहे, उद्या तुमच्यातलेच कुणीतरी तिथं मीटर-बिटर घेऊन भूत शोधायला जायचे.

आई येणार नाही हे गृहीतच होतं. सई आपली विचारायचं म्हणून म्हणाली, ‘आजी, चल ना. कासवाची पिल्लं सोडतात तिथं समुद्रात.’

आईनं विचारलं, ‘सावित्री तिकडंच जाते ना?’

‘हो.’

‘मग येते.’

आमचे हे दुकान सांभाळायला मागे राहिले आणि आम्ही तिघी निघालो. टोळ फाटा, आंबेतचा पूल, मग खाडीच्या कडेकडेनं. रस्ताभर पळस फुललेला, झाडावर पान नाही, नुसती लाल फुलं. आई काचेला नाक लावून नदी बघत होती. नदी रुंद होत होत खाडी झाली तशी ती म्हणाली, ‘केवडी झाली गो... आपल्याकडं उडी मारून जायाचो आपण.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं बघायला गेलो. तळहातावर मावतील एवढी काळी पिल्लं, वाळूवर ठेवली की धडपडत पाण्याकडे निघतात. वर घारी घिरट्या घालत होत्या आणि गावातली पोरं काठ्या घेऊन कुत्री हाकलत होती. एका पर्यटकानं पिल्लू उचलून पाण्यात ठेवायला हात पुढं केला तर तिथला कासवमित्र ओरडला, ‘हात लावू नका! स्वतः चालू दे. हीच वाळू लक्षात ठेवून मोठेपणी माद्या परत इथं येतात अंडी घालायला.’

आई एकदम पुढं सरकली. ‘पाण्यात गेलेलं परत येतं?’

‘येतं की, आजी. वर्षांनी येतं, पण येतं.’

मी मनात म्हटलं, मेले! एवढ्या लांब हिला आणली ती जरा विसरावी म्हणून, आणि या बाबानं बरोबर नको ते सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना. मी तिला नाश्त्याला म्हणून ओढतच नेलं.

दुपारी सई पाण्यात होती. ट्रेनरनं तिला लाटा फुटतात त्याच्या पलीकडे नेलं होतं. तिथं ती बोर्डावर पाय सोडून, चांगल्या लाटेची वाट बघत बसलेली दिसत होती. नजीबभाई पाण्याच्या कडेला उभे राहून मोबाइलवर तिचं शूटिंग करत होते. आई माझ्या शेजारच्या खुर्चीत. वारा समुद्रावरून आमच्याकडे येत होता. आमच्या मागं एक कुटुंब वाळूत क्रिकेट खेळत होतं, गोळेवाल्याची घंटा वाजत होती. मी हे सगळं सांगतेय कारण सगळं इतकं साधं होतं.

आई उठली. मला कळलं, तिची वेळ झाली. तिथं अजान नव्हती, पण तिला लागत नव्हती. मी म्हटलं, ‘आई, आज राहू दे ना गं. लोक आहेत.’

‘असूं देत. मी काय त्यांना बोलावतंय?’

ती ओल्या वाळूपर्यंत गेली. मी मागोमाग. उजव्या हाताला, लांब, खाडीचं मुख होतं. तिकडे तोंड करून तिनं विचारलं, ‘आपली सावित्री तीच ना?’

‘हो.’

‘याच्या फुडं कुठं जाते?’

‘पुढं काय, समुद्रच. संपली तिथं.’

ती आणखी दोन पावलं पुढं गेली. मग हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. लांब, मग खाली, मग एकदम वर. क्रिकेटवाली पोरं हसली. मी मान खाली घातली.

आणि ओ आली.

मी लिहितानासुद्धा इथं थांबले. पाणी पिऊन आले.

ओ आली. पाण्यावरून. लाटा फुटतात त्याच्याही पलीकडून, उजव्या अंगानं, खाडीच्या तोंडाकडून. पुरुषाचा आवाज, लांब, सावकाश, अजिबात घाई नसलेला — ‘ओऽऽऽ’. मग थांबला. तेवढ्यात एक लाट येऊन आमच्या पायांवरून गेली. आणि मग — ‘हुप’.

त्या उन्हात, वाळू पायाला चटके देत असताना, माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मला आईकडे बघायची भीती वाटली. ती आता पाण्यात चालत जाणार असं मला वाटलं, आणि मी तिचा दंड धरला. घट्ट धरला, नंतर तिथं वळ दिसत होता.

पण ती जागची हलली नाही. तिनं कमरेवर हात ठेवले आणि समुद्राला शिव्या घातल्या. ‘मेल्या! मुडद्या! आता देतोस व्हय ओ? एवढी वर्सं घसा फोडतंय मी, भात थंड झाला, बाप तुझा वाट बघून गेला... आता देतोस?’ मग पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली.

‘ऐकलंस ना?’

मी मान हलवली. खोटं बोलता आलं नाही.

‘मग चल गो. भूक लागली.’

त्या दुपारी माझी आई दोनदा भात मागून जेवली. नजीबभाईंच्या घरून आलेलं सुरमईचं कालवण तिनं ताटाला बोट लावून पुसून खाल्लं. सई केस पुसत येऊन बसली तशी आई तिला म्हणाली, ‘मामानं ओ दिलीन तुझ्या.’ सईनं माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. मीही हसले. तोवर माझं डोकं ठिकाणावर आलं होतं, आणि मला सगळं उलगडलं होतं.

ओ सईनं दिली होती, दुसरं काय? पोरीनं लहानपणापासून आजीच्या मांडीवर विलासमामाची ओ आणि त्याचं हुप ऐकलेलं. बोर्डावर बसलेली होती, आजीची हाळी ऐकली, आजीची दया आली आणि घोगरा आवाज काढून दिली ओ. पाण्यावर आवाज बदलतो, दिशा फसते. मला इतकं भरून आलं की मी माझ्या ताटातली तुकडी तिच्या ताटात टाकली. ती परत हसली. आमचं न बोलता ठरलं, आजीपुढं हा विषय काढायचा नाही.

परतताना आंबेतच्या पुलाच्या अलीकडे आईनं गाडी थांबवायला सांगितली. उतरून कठड्याशी गेली, नदी बघितली, मग कडेच्या पळसाकडे बघितलं.

‘याला पानं कधी येतात गो?’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी गाडीचं दार धरून तशीच उभी राहिले.

‘येतील महिन्याभरात,’ मी म्हटलं.

‘मग तवा करून टाकू त्याचं. ओ दिलीन त्यानं. आता परत बोलवायचं नाय.’

वैशाखात वाडीवर पळसाच्या पानांचा विलास केला आणि त्याला अग्नी दिला. आई रडली, चारचौघींसारखी रडली. इतकी वर्षं ती रडलीच नव्हती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर ती बदलली. भाचीच्या लग्नाला मुंबईला जाऊन चांगली आठवडाभर राहिली. अंगावर मांस आलं. गच्चीवर दुपारी सामसूम झाली. रुखसाना मला विचारायला आली, ‘आजी बरी हाय ना? हाळी येत नाय, माझा कुकर राहून जातोय रोज.’

मी मनातल्या मनात सईला किती आशीर्वाद दिले असतील! ज्या बाईवर एकही औषध चाललं नाही, तिला माझ्या पोरीनं एका ओ मध्ये बरी केली.

दिवाळीला सई घरी आली. आम्ही दोघी चकल्या पाडत बसलो होतो, आई आत झोपली होती. न राहवून मी म्हटलं, ‘सई, तुला कधी बोलले नाही, पण त्या दिवशी तू ओ दिलीस ना, ते फार मोठं काम केलंस बाळा.’

तिचा सोऱ्या तसाच थांबला.

‘कुठली ओ?’

‘नाटकं नको करूस. बीचवरची.’

‘आई...’ ती म्हणाली, ‘ती तू दिलीस ना?’

तेलातली चकली काळी झाली. आम्ही एकमेकींकडे बघत बसलो होतो.

तिचं म्हणणं असं. तिला आजीची हाळी ऐकूच आली नव्हती, वारा उलटा होता. तिला नुसती ओ ऐकू आली आणि मग हुप. तीही पाठीमागून, अगदी जवळून. ती किनाऱ्याकडे तोंड करून बसली होती, म्हणजे तिच्या मागं फक्त समुद्र होता. ती दचकून वळली. कुणी नव्हतं, ट्रेनर तर तिच्या समोर, किनाऱ्याच्या बाजूला होता. मग किनाऱ्यावर आल्यावर आजी म्हणाली मामानं ओ दिली, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं की आईनंच आजीसाठी हे केलं, वाऱ्यानं आवाज फिरला असणार. ‘तुझीच मुलगी ना मी,’ ती म्हणाली. ‘काहीतरी कारण शोधून मोकळी झाले.’ आणि जेवताना ती जी हसली, ते माझं कौतुक म्हणून हसली होती!

मी नजीबभाईंना फोन लावला. काय सांगावं कळेना, म्हणून सईच्या सर्फिंगचा त्या दिवशीचा व्हिडिओ असेल तर पाठवा म्हटलं. त्यांनी पाठवला. वर स्वतःहून म्हणाले, ‘ताई, त्या वेळी कुणीतरी बोटीवरनं हाक मारली होती ना? मी पण बघितलं तिकडं. पण बोट नव्हती.’

व्हिडिओत वारा आहे, लाटा आहेत, गोळेवाल्याची घंटासुद्धा आहे. आईची हाळी आहे, स्वच्छ. त्यानंतर काहीही नाही. नुसता वारा. पण त्या वाऱ्यात कॅमेरा एकदम उजवीकडे झटका खाऊन वळतो, म्हणजे नजीबभाई वळले. कडेला आई आणि मी दिसतो, माझी खाली घातलेली मान एकदम वर होते. आणि लांब पाण्यात बोर्डावरची सई किनाऱ्याकडे पाठ करून खाडीच्या तोंडाकडे वळलेली. सगळ्यांना ऐकू आलं. मोबाइलला तेवढं आलं नाही.

आता माझी बाजू. मागच्या टेकडीवर वानरं आहेत, मी चौकशी केली. पण वानर ओ देत नाही, आणि टेकडी जमिनीवर आहे. प्रतिध्वनी म्हणावा तर तो आईच्या आवाजात आला असता. कुणा पर्यटकानं थट्टा केली म्हणावं तर त्याला ते हुप कुठून माहीत? आम्ही तिघी आणि वाडीतली चार म्हातारी माणसं सोडून या जगात ते कुणालाच माहीत नाही. इथल्या हुशार मंडळींना काही सुचत असेल तर सांगा, मी मनापासून ऐकेन. माझी सगळी कारणं संपली आहेत.

आईला आम्ही यातलं काही बोललो नाही. तिला गरज नव्हती, तिचं कधीच समाधान झालं होतं.

या माघात ती गेली. आजार असा नव्हता, थंडीत छाती भरली आणि मग उतरलीच नाही. शेवटच्या दिवसांत एकदा मी तिला पेज भरवत होते. दुपारची अजान चालू होती. ती माझा हात बाजूला करून म्हणाली, ‘एक सांगू? मी गेल्यावर मला हाळी देऊ नको हां.’

‘का गं?’

‘मी ओ दिल्याबिगर राहणार नाय. नि तू भियशील.’

आणि स्वतःच हसली. मी पण हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

अजून दिलेली नाही. सई फोनवर अधूनमधून विचारते, ‘आई, तू...?’ मी म्हणते नाही. तीही देत नाही. परवा ती मैत्रिणींबरोबर परत सर्फिंगला जाणार होती, आयत्या वेळी रद्द केलंन.

काल दुपारी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले होते. अजान संपली. नदीवर ऊन चमकत होतं. मी हात झटकले आणि बघते तर ते तोंडाशी आलेले. सूर घशापर्यंत आला होता. मी तशीच उभी राहिले. ओ आली नाही तर मला सोसणार नाही. आणि आली तर... आईनं सांगितलंय ना, भियशील.

मी हात खाली घेतले. पापड तसेच टाकून खाली आले, पानं वाढली आणि आमच्या ह्यांना, नेहमीच्या साध्या आवाजात, ‘अहो, जेवायला’ म्हणून हाक मारली. दोन क्षण काहीच नाही. मग आतल्या खोलीतून ते ‘ओ’ म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला.